नारळाआधीची होडी

मालवणच्या दक्षिणेला, एका खाडीच्या मुखाशी आमची पोस्ट होती. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. मी हवालदार, हाताखाली नऊ जवान. मी देशावरचा, पोहता येत नव्हतं. साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर, सहाला चहा, दर दोन तासांनी पलीकडच्या तीरावरच्या सेक्शनशी वायरलेस.

श्रावणात एके दिवशी दुपारी दोनला पलीकडून आवाज आला, "बॅटरी उतरतेय. उद्यापर्यंत चालेल. ओव्हर."

"आजच पाठवतो. आउट."

उद्यापर्यंत चालेल, हे मी स्पष्ट ऐकलं होतं.

होडीचा तांडेल बाबल्या, साठीचा. म्हणाला, "नारळी पुनवेक चार दिस आसत. तवसर आमी होडी घालणव नाय."

शिपाई दगडू हसला. "बाबल्यानू, बायकोला भिता की दर्याला?"

"दोगांकय. म्हणान अजून जितो आसंय."

मला वाटलं, नारळाचंच अडलंय. लंगरमधून, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातून, एक मागवला आणि स्वतः पाण्यात फेकला. "झाली तुमची पौर्णिमा. चला."

बाबल्या माझ्याकडे बघतच राहिला. "नारळ घातलो म्हणान दर्या शांत बसणा नाय, सायबानू. तो बसता, मगे आमी नारळ घालताव."

"हुकूम आहे," मी म्हणालो. वरून हुकूम नव्हता. माझाच होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी होडी सुटली. दगडूच्या मांडीवर बॅटरी. तीन-वीसला मी घड्याळात पाहिलं, मान वर केली, तर मुखावर होडी नव्हती. लख्ख ऊन होतं. एक लाट फुटून पांढरी झाली होती, मागून दुसरी येत होती. ओरडणंसुद्धा ऐकू आलं नाही.

सेटवर पलीकडचा ऑपरेटर विचारत होता, "होडी दिसत नाही. मागे वळली का? ओव्हर."

आठ जवान रायफली घेऊन काठावर उभे. गोळी झाडायची कुणावर? ज्याने तो समुद्र केला, त्याच्यापुढे मी तीन फितींच्या जोरावर हुकूम सोडला होता.

रिपोर्टमध्ये लिहिलं: तांडेलाचा अंदाज चुकला. कुणी काही विचारलं नाही. बाबल्याच्या बायकोनेही खाली मान घालून ऐकून घेतलं.

देव मानता का, असं माझी मुलं विचारतात. त्या दिवसापर्यंत नुसता नमस्कार करत होतो; मानतो त्या दिवसापासून.

दगडू तिसऱ्या दिवशी वाळूवर सापडला. बाबल्या सापडलाच नाही. दगडूचं नाव पलटणीच्या फलकावर आहे. दुसरं नाव कुठेच नाही, म्हणून इथे लिहितो. बाबल्या तांडेल. त्याचा अंदाज बरोबर होता.