स्लीव्ह घालून खेळलेला डाव

उजव्या स्तनाचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं संपून वर्ष होत आलं होतं. ऑफिस सुरू झालं होतं आणि संध्याकाळी लालबागच्या आमच्या इमारतीखालच्या हॉलमध्ये मी पुन्हा कॅरम खेळायला बसत होते. एका संध्याकाळी डाव संपवून उठले, तर बोर्डाच्या कडेचा खळगा उजव्या मनगटाच्या वर उमटलेला. घरी आले, कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, तरी तो खळगा तसाच. डावा हात तसाच दाबून पाहिला. तो लगेच भरून आला.

हात दुखत नव्हता. नुसता जड वाटायचा.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी हाताला हातही न लावता सांगितलं की काखेतल्या गाठी काढल्यावर एवढं व्हायचंच, जीव वाचला हे महत्त्वाचं. जीव वाचला हे मला उपचार संपल्यापासून प्रत्येक जण ऐकवत होता, जणू त्यापुढे काही मागायचा माझा हक्कच संपला होता. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि परळला, जिथे उपचार झाले त्या हॉस्पिटलात गेले.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोन्ही हात टेपने जागोजागी मोजले. उजवा दोन सेंटिमीटरने जास्त भरला. गाठी काढल्या आणि वर रेडिएशनचा शेक दिला, की हातातलं पाणी परत जायची वाट अरुंद होते, असं त्यांनी समजावलं. हे पूर्ण जात नाही, पण लवकर आलात म्हणून ताब्यात राहील, म्हणाल्या. मग घट्ट स्लीव्ह, म्हणजे हातावर चढवायची लवचिक बाही, रोजचा हलका मसाज, व्यायाम. त्वचा कोरडी पडू द्यायची नाही, आणि हात लाल झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी यायचं.

"कॅरम?" मी विचारलं.

"खेळा की. स्लीव्ह घालून. जड वाटलं की थांबा."

घरी हे कुणाला पटेना. नवरा माझ्या हातातली भाजीची पिशवीसुद्धा काढून घ्यायचा. सासूबाई प्रेमानेच म्हणायच्या, "त्या हाताक आराम दी आता." शेवटी एक दिवस मी दोघांना समोर बसवून सांगितलं, "हात माझा आहे. तो वापरला नाही तर बिघडेल. मला मदत करायची असेल तर सकाळी स्लीव्ह चढवायला करा." त्या दिवसापासून नवरा पकड बसायला रबरी हातमोजे घालून स्लीव्ह वर ओढतो. अजूनही दर वेळी कोपराशी अडकतो.

तीन महिन्यांनी दादरला ऑफिसांमधल्या बायकांची कॅरम स्पर्धा होती. तिथल्या आयोजक बाईंनी माझ्या हाताकडे बघत हळूच विचारलं, दुखापत असेल तर पुढच्या वर्षी खेळता का. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "दुखापत नाही. कॅन्सर झाला होता, त्यामुळे हात सुजतो. ही स्लीव्ह त्याची आहे. माझं बोर्ड कुठलं?"

दोन फेऱ्या जिंकले. तिसरीत माझ्या मुलीच्या वयाच्या एकीने राणी घेतली आणि मला चार पॉइंटांनी हरवलं. मला राग आला तो हरल्याचा. कितीतरी दिवसांनी आजाराशिवाय दुसऱ्या कशाचा तरी राग आला.

चहाच्या टेबलाशी एक बाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. शिवडीहून मैत्रिणीबरोबर बघायला आली होती. तिने पदर बाजूला केला. डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजलेला, कातडी टणक. चार वर्षं पदराखाली ठेवत होती. कॅन्सर झाला की हे सोसायचंच, असं तिला वाटत होतं.

सोमवारी मी तिला परळला घेऊन गेले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मोजमाप घेतलं आणि खोटा धीर दिला नाही. आधी पट्ट्या बांधाव्या लागतील, वेळ लागेल, सगळी सूज उतरणार नाही, पण बरीच कमी होईल.

 बाहेर फाटकाशी थांबून ती म्हणाली, "मला चार वर्षं कोणी सांगितलं का नाही?"

 तिच्या पुढच्या तपासणीला दोघी गेलो, तेव्हा हाच प्रश्न मी तिला तिच्यावर उपचार केलेल्या डॉक्टरांना विचारायला लावला, आणि ते उत्तर देईपर्यंत आम्ही दोघी खुर्चीवरून उठलो नाही.