चित्राला घातलेला हार

मंडळी, सकाळपासून मन कशात लागत नाही, म्हणून इथं लिहून राहिलो.

आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आखाडा बाळापूरच्या ज्या शाळेत मी चित्रकला शिकवतो, तिथं पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. रझाकारांच्या काळात आणि नंतर भारताची फौज आल्यावरही ज्या बायकांवर अत्याचार झाले, त्यांची आठवण म्हणून नववीतल्या सानियानं एक चित्र काढलं होतं. बंद दारापुढं उभी असलेली बाई, आपल्याकडं पाठ केलेली. "तिचा चेहरा कुणाला माहीतच न्हाई ना, सर," ती म्हणाली होती.

आपली सवय तुम्हाला माहीतच आहे. जुन्या काळच्या माणसाचं चित्र दिसलं की हार. मीही घातला, उदबत्ती लावली.

शाळेमागच्या गल्लीतल्या एक आजी बघायला आल्या होत्या. सानियाच्या चित्रापुढं येऊन थांबल्या.

"सर, हार काहून घातला?"

"श्रद्धांजली म्हणून, आजी."

"पण ही मेली नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीला उचलून नेलं होतं. ती अशीच दारात परत आली होती. बापानं दार उघडलं न्हाई. मेली म्हणून गावाला तेरवीचं जेवण घातलं. मी बी जेवले."

मी हार काढला. सानियानं हळूच विचारलं, "आजी, दार उघडं काढू का?"

"नको बाई. बंदच होतं."

तुमच्या घरातही कुणाबद्दल "ती तेव्हाच वारली" एवढंच सांगत असतील. सांगणारं कुणी अजून जितं असेल तर आजच विचारा, ती खरंच वारली होती का?