दोन पुस्तकांची एक बांधणी

पांढरकवड्यात नागपूर-हैदराबाद रस्त्याला लागून गुलाम नबींचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. अक्षरं मात्र ओळखू येत. ती ते भावाच्या गॅरेजात, सुट्या भागांच्या खोक्यांवरून शिकले होते.

१९६१च्या उन्हाळ्यात हायस्कूलचे इंग्रजीचे मास्तर अमरसिंग राठोड सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा घेऊन आले. आपल्या बंजारा तांड्यातून बी.ए. झालेले ते पहिलेच. कुण्या फॉरेस्ट साहेबाच्या रद्दीत त्यांना ही इंग्रजी कविता सापडली होती. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, त्यातच पानांचे आकडे गेले होते. "पानं लावून बांधून ठेवा," एवढं सांगून मास्तर एका लग्नासाठी तांड्यावर गेले.

गुलाम नबी पानं लावायला बसले आणि गोंधळले. काही पानांवर लागोपाठच्या दोन ओळींची शेवटची अक्षरं जुळत; काहींवर अजिबात नाही. ओळींच्या मधेच मोठ्या अक्षरानं सुरू होणारी नावं मात्र सगळीकडे तीच. चौथ्या दिवशी त्यांना वाटलं, हा किस्सा असावा, आणि सांगणारा मधूनमधून गात असावा. मग नावं बघून त्यांनी प्रत्येक किश्शामागे त्याचं गाणं लावलं, शिवलं आणि वर लाल कापड चढवलं.

मास्तर परतले. दहाबारा पानं वाचून थांबले.

"चाचा, जहाज दोनदा कसं काय बुडून राह्यलं?"

"मले काय मालूम? गाण्यातबी बुडलं असन."

मास्तरांनी पुन्हा पानं चाळली. ही दोन पुस्तकं होती, हे त्यांनाही आत्ताच उमगलं. त्यांनी चाचांना समजावलं: दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये कुणीतरी लॅटिन भाषेत मोठं काव्य रचलं, ते दोघा इंग्रजांनी आपापल्या परीनं इंग्रजीत आणलं. एकानं यमक जुळवून, दुसऱ्यानं यमकाशिवाय.

"मंग खरं कोणतं?" गुलाम नबींनी विचारलं.

"खरं लॅटिनमधलं."

"ते तुमी वाचलं?"

"लॅटिन कुठं येते मले?"

"मंग या दोघातलं कोणाचं बरोबर, हे तुमाले कसं समजते?"

मास्तरांनी जहाज बुडवणारी दोन्ही वादळं शेजारी शेजारी वाचली. एकात जहाजाचा सरदार देवांपुढे रडत होता, दुसऱ्यात दातओठ खात उभा होता.

"नाही समजत," ते म्हणाले.

गुलाम नबींनी शिवण उसवायला कात्री उचलली. मास्तरांनी पुस्तक काखेत घेतलं आणि चालू लागले.

महिन्याभरानं ते पुन्हा आले. प्रत्येक गाण्यामागे दोन कोरी पानं घालून हवी होती. तेच काव्य ते गोरबोलीत, आपल्या तांड्याच्या भाषेत, लिहिणार होते.

"आमच्या तांड्यात समुद्र कोणी पाह्यलाच नाही, चाचा. वादळ कसं आणू, सुचूनच नाही राह्यलं."

आपण काम बिघडवलं की साधलं, हे विचारावं असं गुलाम नबींच्या फार मनात आलं. पण मास्तर स्टुलावर बसून, ओठ हलवत, कसलीशी ओळ जुळवत होते. गुलाम नबींनी कागद कापायला घेतले.