परातीतला तांदूळ

“टायटॅनियम सापडलंय,” मी म्हणाले. चित्राच्या मालकीणबाई, फ्राऊ लेंत्स, खुर्चीत बसल्या.

जर्मनीत, डार्मश्टाटच्या लॅबमध्ये मला जेमतेम वर्ष झालं होतं. टेबलावरचं चित्र एकोणिसाव्या शतकातलं, इटालियन, असं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. खिडकीपाशी एक बाई परातीत तांदूळ निवडतेय, बस. आम्ही रंगावर एक्स-रे टाकून त्यात कोणते धातू आहेत ते बघतो. जुन्या पांढऱ्यात शिसं असतं. टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकातला. चित्र घेऊ पाहणाऱ्या म्युझियमला दुपारी रिपोर्ट जाणार होता. त्यात ‘नकली’ लिहिलं की चित्र परत.

“किती पॉइंट घेतले?” माझे बॉस, डॉक्टर ब्राँट, यांनी विचारलं.

“तीन. सगळे परातीतले. तिथे पांढरा सगळ्यात ठळक आहे.”

“आल्झो, मग लिहून टाका.”

मी लिहायला बसले, पण नजर परातीवरून हलेना. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. आई रेशनचा तांदूळ निवडायची आणि मी शेजारी बसून केमिस्ट्री पाठ करायचे. न निवडलेला ढीग पलीकडे, निवडलेला आपल्याकडे, मधली जागा मोकळी. खडा तिथेच दिसतो. चित्रातल्या बाईचं बोट मध्ये होतं आणि मध्येच दाणे गच्च. जो चित्रकार तिच्या एप्रनचं ठिगळसुद्धा बघून काढतो, तो इथे चुकेल?

“डॉक्टर ब्राँट, एक तास द्या. परातीचा मधला भाग दुसऱ्या कोणीतरी रंगवलाय.”

“कशावरून?”

“मी तांदूळ निवडलेत.”

“हे रिपोर्टमध्ये लिहिणार?”

“नाही.”

त्यांनी घड्याळ बघितलं. “एक तास. नंतर जे असेल त्यावर मी सही करणार.”

एप्रन: शिसं. भिंत: शिसं. कॉलर, खिडकी, परातीची कड, सगळीकडे शिसं. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली परातीच्या मध्ये तळहाताएवढा काळा डाग उठला. म्हणजे तिथला रंग नंतरचा.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: ‘रंग एकोणिसाव्या शतकाशी जुळतात. परातीत नंतरची दुरुस्ती.’ सही झाली. म्युझियमने चित्र ठेवून घेतलं.

फ्राऊ लेंत्स रिपोर्ट वाचून म्हणाल्या, “सासऱ्यांच्या हातून तिथे शिडी घुसून चित्र फाटलं होतं. घरात तो विषय काढायची सोय नव्हती.”

“आधी का नाही सांगितलंत?” ब्राँटनी विचारलं.

“तुम्ही कुठे विचारलंत?”

तेव्हापासून मी ठळक जागेवर आधी मोजत नाही. दुरुस्ती करणाऱ्याचा हातही तिथेच जातो. आणि मशीन चालू करण्याआधी मालकाला विचारते, याला कधी काही लागलं होतं का.