कागदावर न उतरलेली कुसुम

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मी सायन्सचा पदवीधर. उभी नोकरी कारखान्याच्या प्रयोगशाळेत केली. जे घडलं ते दिवसाढवळ्या घडलं, माझ्याच हातून... आणि ते पाहणारा मी एकटा नव्हतो.

पन्नासच्या दशकातली अखेरची वर्षं. पिंपरी म्हणजे तेव्हा एक-दोन नवे कारखाने, निर्वासितांची छावणी आणि मधे नुसती ज्वारीची रानं. आम्ही कंपनीच्या कॉलनीत दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो – मी, माझी बायको इंदू आणि आमची तीन वर्षांची कुसुम. मागे बारकंसं अंगण आणि चुना मारलेली भिंत.

मला फोटोंचा नाद होता. जुना बॉक्स कॅमेरा घेतला होता. मोरीच्या खिडकीवर घोंगडी टाकली की झाली डार्करूम. इनॅमलच्या तीन थाळ्या, लाल कागद गुंडाळलेला दिवा. फोटो काढण्यापेक्षा तो टिकवण्यात मला जास्त रस. घरोघरचे फोटो पिवळे पडतात, कारण फोटो पक्का करायचं रसायन – हायपो – कागदातून नीट धुतलं जात नाही. मी पाणी बदलत बदलत तासभर धुवायचो. शेवटच्या पाण्यात परमँगनेटचा थेंब टाकायचा. गुलाबी रंग उडाला तर हायपो अजून शिल्लक आहे, पुन्हा धुवा. इंदू वैतागायची.

"अहो, नळ जाईल आता. माझं धुणं तसंच पडलंय."

त्या थंडीत मी कुसुमचा एक अख्खा रोल काढला. अंगणात स्टुलावर बसलेली, भिंतीला टेकून उभी, इंदूच्या मांडीवर. रोल लगेच डेव्हलप केला. निगेटिव्ह स्वच्छ आल्या होत्या. पण छापायचा कागद संपला होता, पुण्याला जाऊन आणायचा होता. ते राहून गेलं.

मग कुसुमचा घसा धरला. घटसर्प. पुण्याच्या इस्पितळात नेली, पण तिने आठवडाही काढला नाही.

त्यानंतर इंदू फारशी बोलत नसे. एका रविवारी जेवण झाल्यावर तीच म्हणाली, "तिचे फोटो काढून द्या ना मला."

मी कागद आणला. दुपारीच मोरीत बसलो. इंदू माझ्या मागे उभी. पहिला कागद डेव्हलपरमध्ये बुडवला. भिंत उमटली, स्टूल उमटलं, शेजारच्या पपईची सावली उमटली. कुसुम नव्हती.

वाटलं, चुकीची निगेटिव्ह लावली. दिव्यासमोर धरून पाहिली. कुसुम होती – स्टुलावर, पाय लोंबकळत सोडून. दुसरा कागद घेतला. तेच. तिसरा...

नीट सांगतो, कारण इथेच लोक मला अडवतात. निगेटिव्ह खराब असती तर तिच्या जागी डाग आला असता, पांढरं भगदाड पडलं असतं. तसं नव्हतं. तिच्या पाठीमागची भिंत दिसत होती, चुन्याच्या पोपड्यांसकट. तो भाग फिल्मवर नव्हताच, तिच्या आड गेला होता. मग तो कागदावर आला कुठून?

सगळ्या निगेटिव्ह छापल्या. ज्यात ती इंदूच्या मांडीवर होती, त्यात इंदू एकटी बसलेली. हात मात्र तसेच गोल धरलेले. आणि मांडीवरचं लुगडं दबलेलं, कुणी बसल्यावर दबतं तसं.

इंदू रडली नाही. तो फोटो हातात घेऊन बाहेर उजेडात जाऊन बसली.

प्रयोगशाळेतला माझा जोडीदार बबन चिंचवड गावचा. त्यालाही हा नाद होता. त्याला सांगितलं, तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राव, तुमी दमलाय. तुमी बसा, मी काढतो." नवीन रसायन कालवलं, स्वतःच्या घरचा कागद आणला. मी मोरीत गेलोच नाही. बऱ्याच वेळाने ओले हात पुसत तो बाहेर आला.

"हाय का?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"न्हाई," एवढंच म्हणाला आणि चहा न घेता गेला.

शेवटी पुण्यातल्या एका स्टुडिओत निगेटिव्ह दिल्या. मालक वयस्कर, शांत माणूस. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा त्याने पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "निगेटिव्ह उत्तम आहेत तुमच्या," म्हणाला, "पण आमच्याकडून होत नाही. कृपा करून घेऊन जा." माझ्याकडे बघत नव्हता.

घरी आलो. म्हटलं, ते रिकामे फोटो फेकून देऊ. इंदूने ऐकलं नाही.

"नीट धुवा ते," म्हणाली. "तुमच्या पद्धतीने धुवा. टिकले पाहिजेत."

मग आम्ही दोघांनी ते धुतले. तिने बादल्या भरून दिल्या, मी पाणी बदलत गेलो. नळ जायची वेळ झाली तरी ती काही बोलली नाही. काचेवर वाळवले, बटर पेपरमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवले. पावसाळा सरला की उघडून पाहायचे, बुरशी लागली का. दर वर्षी.

निगेटिव्ह इंदूने स्वतःकडे ठेवल्या. सकाळी खिडकीशी उभी राहून एकेक उजेडाला धरायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं – गोरा चेहरा काळा, काळे केस पांढरे. काजळाची तीटसुद्धा पांढरी. काही वर्षांनी तिने मला विचारलं, "अहो, खरी कशी दिसायची ती?"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि माझ्या डोळ्यांपुढे आली तीही काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची. दुसरी येईचना.

आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. मी कॅमेरा बबनला देऊन टाकला. इंदू जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मध्यंतरी पुतण्याने त्या निगेटिव्ह कॉम्प्युटरवर घेतल्या. स्क्रीनवर सुलट्या केल्या तर अंगण, भिंत, स्टूल. त्याने पुन्हा उलट्या केल्या, पुन्हा सुलट्या केल्या. तेच. केमिस्ट्री मला येते, प्रकाश कसा वागतो तेही ठाऊक आहे. पण याचा उलगडा मला तेव्हा झाला नाही, आता होईल असं वाटत नाही.

फोटो मात्र जसेच्या तसे आहेत. कुठे पिवळा डाग नाही. पुतण्या परवा विचारत होता, "काका, तुमच्यानंतर यांचं काय करायचं?"

मी म्हटलं, "पावसाळा सरला की उघडून बघत जा, बुरशी लागली का."