अकरा लाडवांचं लायसन्स

माझं गाडी चालवायचं लायसन्स काही महिने माझ्या आईच्या परवानगीशिवाय उघडत नसे.

माझं वय त्रेपन्न, आईचं एकोणऐंशी. ती आगाशीला आमच्या केळीच्या वाडीतल्या घरात राहते आणि मी विरारला सातव्या मजल्यावर. ही व्यवस्था कुठल्या कोर्टाने लावून दिली नव्हती. ती मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, दोन रविवार खर्ची घालून केली होती!

सगळं सुरू झालं आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. सायबर सुरक्षेवर व्याख्यान होतं (सोबत समोसे होते, म्हणून गेलो). व्याख्याते म्हणाले, "तुमचा फोटो, जन्मतारीख आणि पत्ता एवढ्या तीन गोष्टी चोराला मिळाल्या, की तुम्ही संपलात!" मी अर्धा खाल्लेला समोसा खाली ठेवला. या तिन्ही गोष्टी एका प्लास्टिकच्या कार्डावर छापून, खाली माझी सही करून, मी वीस वर्षं पाकिटातून गावभर फिरवत होतो!

दुसऱ्याच दिवशी ते लायसन्स मी बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवलं. बायकोच्या पाटल्यांच्या शेजारी.

"अहो, पोलिसाने अडवलं तर त्याला बँकेत नेणार का?" वंदनाने विचारलं.

"वंदना, जग कुठे गेलंय! आता लायसन्स मोबाईलमध्ये असतं. सरकारी ॲप. कायद्याने चालतं."

"आणि मोबाईल चोरीला गेला तर?"

या प्रश्नाने माझी आठवडाभर झोप उडाली. ॲप उघडायला ओटीपी लागतो आणि ओटीपी येतो त्याच मोबाईलवर. म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच चोराच्या हातात! मग मला ती अलौकिक कल्पना सुचली. ॲपला नंबर आईचा द्यायचा. लायसन्स माझ्या खिशात, ओटीपी आगाशीला. आता कुठला चोर जातो आगाशीला?

"आणि आई झोपल्या असतील तर?" वंदना म्हणाली.

"तर चोराला थांबावं लागेल."

"आणि तुम्हाला?"

(काही लोकांना तांत्रिक विषयात नको तिथे प्रश्न पडतात.)

पुढचं काम होतं आईला तयार करण्याचं. मी आवाज बदलून, बँकेचा मॅनेजर होऊन तिला फोन केला. तिने ओटीपी तर दिलाच, वर "जेवलात का?" असंही विचारलं. मी तडक आगाशी गाठली आणि तिला अर्धा तास फैलावर घेतलं.

"आई, ओटीपी कोणालाही द्यायचा नाही! मी मागितला तरी नाही! हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. आधी तीन प्रश्न विचारायचे. उत्तर फक्त खऱ्या मलाच माहीत असेल, असे."

"कसले प्रश्न रे?"

"ते तू ठरव. मला सांगू नकोस. तीच तर सुरक्षा!"

आई गालातल्या गालात हसली. ते हसणं मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आणि मग आलं भाचीचं लग्न. माझी बहीण सुनंदा, तिची एकुलती एक मुलगी केतकी. हॉल वसईला, मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा. लग्नात मामाला कामं दोनच. एक, नवरीने मुहूर्ताला नेसायची पिवळी साडी आणायची. दोन, गुरुजींनी पुकारा केला की नवरीला हाताला धरून बोहल्यावर न्यायचं. या दोन कामांसाठी मी सकाळी नऊ वाजता फेटा बांधून, छाती काढून हॉलच्या दारात उभा होतो.

पावणेअकराला सुनंदा धावत आली. "दादा, साडी?"

"कुठली साडी?"

सुनंदाच्या चेहऱ्याकडे पाहून मला आठवलं. पिवळी साडी विरारला होती. चपलांच्या कपाटावर. (विसरू नये म्हणून मुद्दाम दाराजवळ ठेवली होती!)

मी स्कूटर काढली. फेटेवाल्याने बजावलं, "साहेब, फेटा सोडू नका हां. मी निघालो, पुन्हा बांधायला कोणी नाही." म्हणून मी हेल्मेट फेट्यावरच चढवलं. ते आत जाईना, तेव्हा नुसतं वर टेकवलं आणि पट्टा दातांत धरला. विरार गाठलं, साडी घेतली, उलटा फिरलो. अकरा पस्तीसला हॉल दहा मिनिटांवर राहिला असताना, नाक्यावर एका वाहतूक पोलीस बाईंनी हात केला.

"काका, हे हेल्मेट घातलंय की ठेवलंय?"

मी दातांतला पट्टा सोडला. हेल्मेट घरंगळून त्यांच्या पायाशी गेलं.

"मॅडम, मी मामा आहे!"

"इथे सगळे आम्हालाच मामा म्हणतात. लायसन्स दाखवा."

"मोबाईलमध्ये आहे. पण माफ करा, मोबाईल हातात देणार नाही. तो माझा खासगी अधिकार आहे. तुम्ही लांबूनच बघा."

मी एक हात लांब धरून त्यांना लायसन्सचा फोटो दाखवला. पण खबरदारी म्हणून त्या फोटोवर मी आधीच काळ्या पट्ट्या मारून ठेवल्या होत्या. नावावर पट्टी, पत्त्यावर पट्टी, जन्मतारखेवर पट्टी, नंबरावर पट्टी आणि चेहऱ्यावर जरा मोठी पट्टी.

बाईंनी डोळे बारीक केले. "यात नुसतं बी पॉझिटिव्ह दिसतंय."

"हो. तो माझा रक्तगट."

"म्हणजे रक्त द्यायला तुम्ही चालाल, काका. गाडी चालवायला नाही. खरं लायसन्स दाखवा."

आजूबाजूला माणसं जमू लागली. एक नारळपाणीवाला कोयता हातात घेऊनच पुढे सरकला. तेवढ्यात केतकीचा फोन. मी तो स्पीकरवर घेतला.

"मामा, आहेस कुठे? मी अजून गाऊनवर बसलेय! मेकअपवाली गेली, फोटोवाला दार वाजवतोय आणि गुरुजी घड्याळ बघतायत! माझा मुहूर्त टळला ना, तर मी आयुष्यभर तुझ्याशी बोलणार नाही!"

पोरगी रडवेली झाली होती. लहानपणी हिला मी खांद्यावर घेऊन अर्नाळ्याचा समुद्र दाखवला होता. मी घाईघाईने ॲप उघडलं. ॲप म्हणालं, ओटीपी पाठवला आहे. मी आईला फोन लावला, तोही स्पीकरवर (आकडे टाकायला बोटं मोकळी हवीत). आई अर्थातच हॉलमध्ये होती, पहिल्या रांगेत.

"आई, मी बोलतोय. ओटीपी आलाय, तो पटकन सांग!"

"मी म्हणजे कोण?"

"अगं, सुधाकर!"

"तसं कोणीही म्हणेल," आई शांतपणे म्हणाली. "हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करतात."

"आई, ही मस्करी करायची वेळ नाही!"

"घाई करतो तो चोर, असंही तूच सांगितलंयस. थांब, मला नीट ऐकू येत नाही, फोन स्पीकरवर टाकते. हं. प्रश्न पहिला. लहानपणी तुला घरात काय म्हणायचे?"

मी नाक्यावर नजर फिरवली. पंधरा-वीस माणसं होती. मी तोंडावर हात धरून पुटपुटलो, "गुलगुल्या."

"मोठ्याने!"

"गुलगुल्या!!"

पलीकडून माझाच आवाज मला पुन्हा ऐकू आला. गुलगुल्या... गुलगुल्या... मला वाटलं, नेटवर्कचा दोष.

पोलीस बाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"प्रश्न दुसरा. आठवीत शाळेच्या नाटकात तू काय झाला होतास?"

"झाड."

"आणि पडदा उघडल्यावर झाडाने काय केलं?"

"आई, प्लीज!"

"ओटीपी पाहिजे ना?"

"झाड रडत घरी पळालं!"

पळालं... पळालं... मागोमाग मोठा खळखळाट ऐकू आला. (नेटवर्क फारच खराब, मी मनात म्हटलं.) नारळपाणीवाल्याने सहानुभूतीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आता प्रश्न तिसरा," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात ते आगाशीचं हसू आलं. "सुनंदाच्या लग्नात किल्ल्याचा बुरूज कोणी खाल्ला?"

मी मोबाईल छातीशी दाबून धरला.

हे जरा समजावून सांगायला हवं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सुनंदाच्या लग्नात, रुखवतात मांडायला आमच्या मावशीने बेसनाच्या लाडवांचा वसईचा किल्ला केला होता. खंदकात निळा भात, तटावर लवंगांच्या तोफा. लोक जेवण सोडून बघायला येत. आणि ऐन सीमांतपूजनाच्या गडबडीत त्याचा समुद्राकडचा बुरूज नाहीसा झाला! मावशीने आकांत केला. मुलाकडचे काका, म्हणजे आमच्या भावोजींचे सख्खे चुलते नाना, तिथेच उभे होते आणि त्यांच्या सदऱ्यावर बेसनाचे कण होते. (आपण भजी खाल्ली होती, असं ते आजतागायत सांगतात.) त्या दिवसापासून दोन्ही घरांत त्यांचं नाव पडलं 'बुरूजनाना'. अठ्ठावीस वर्षं त्या माणसाने आमच्या घरच्या लाडवाला हात लावला नव्हता आणि माझ्या आईशी तो एक शब्दही बोलला नव्हता. खरी गोष्ट फक्त दोघांना माहीत होती. एक मी. आणि दुसरी आई, कारण तिने मला तांदळाच्या पिंपामागे तोंड भरलेलं असताना पकडलं होतं.

"आई, दुसरा प्रश्न विचार!"

"दुसरा झाला. हा तिसरा."

घड्याळात पावणेबारा. पिशवीत पिवळी साडी. तिकडे गाऊनवर बसलेली पोर. एका बाजूला केतकीचा मुहूर्त आणि दुसऱ्या बाजूला अठ्ठावीस वर्षं जपलेली माझी अब्रू. मी डोळे मिटले.

"मी खाल्ला!" मी ओरडलो. "नानांचा काही दोष नाही! अकराच्या अकरा लाडू मीच खाल्ले!"

खाल्ले... खाल्ले... खाल्ले...

आणि मग फोनमधून असा गदारोळ उसळला, की नेटवर्कला एवढा दोष असूच शकत नाही हे माझ्याही लक्षात आलं. त्यात वंदनाची किंकाळी स्पष्ट ओळखू आली. "अहो, आईंच्या मांडीवर गुरुजींचा माइक आहे! चालू आहे! अख्खा हॉल ऐकतोय!"

चारशे माणसं! वर मुलाकडची मंडळी, जी मला अजून नीट भेटलीही नव्हती!

आई मात्र निश्चल. "उत्तर बरोबर. घे लिहून," ती म्हणाली आणि माझा सहा आकडी गुप्त ओटीपी तिने माइकवरून, आकडा आकडा सुटा करून, दोनदा वाचला.

मी तो टाकला. ॲप म्हणालं, मुदत संपली.

"आई, संपला! नवीन पाठवलाय, तो सांग!"

"नवीन? मग पुन्हा तीन प्रश्न."

"नको!!" मी ओरडलो. पोलीस बाई ओरडल्या. नारळपाणीवालाही ओरडला.

तेवढ्यात माइकची खरखर झाली आणि एक जाड, जुना आवाज आला. नाना! "विहीणबाई, देऊन टाका नंबर. माणसाची ओळख पटली." आणि वर म्हणाले, "हाच तो चोर!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या कडकडाटात मला ओटीपी मिळाला आणि माझं लायसन्स उघडलं. पोलीस बाईंनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"लायसन्स बरोबर आहे, सुधाकर... गुलगुल्या. हेल्मेटचं चलान घरी येईल. आता तो फेटा सोडा, हेल्मेट नीट घाला आणि पळा! पोर गाऊनवर बसलीय!"

नऊ वार फेटा गळ्यात गुंडाळून, त्याचं टोक मागे वाऱ्यावर सोडून मी जो निघालो तो थेट हॉलच्या पायऱ्यांवर थांबलो. साडी आत गेली. सात मिनिटांत नवरी तयार! गुरुजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि हॉलच्या कोपऱ्यातून कोणीतरी दुरुस्ती केली, "बुरूजमामा!" केतकीने माझा हात घट्ट धरला. ती हसून हसून इतकी बेजार झाली होती, की अंतरपाटामागे तिचं काजळ गालांवर उतरलं आणि मुलाकडच्या बायका म्हणाल्या, पोर माहेर सोडताना किती रडतेय बघा.

मुहूर्त साधला.

पंगतीत मी खाली मान घालून बसलो होतो. समोर दोन पाय येऊन थांबले. नाना. हातात ताट, ताटात बेसनाचे लाडू. त्यांनी माझ्या पानात एकेक लाडू वाढायला सुरुवात केली आणि सगळी पंगत मोठ्याने मोजू लागली. अकरा! शेजारी आई बसली होती. नानांनी अठ्ठावीस वर्षांनी तिच्याकडे पाहिलं, ताटातला एक लाडू स्वतःच्या तोंडात टाकला आणि म्हणाले, "विहीणबाई, चांगले झालेत."

आईने पदराने डोळे टिपले. "आई, माइक चालू आहे हे तुला माहीत होतं ना?" मी हळूच विचारलं.

"मला बाई काय कळतंय यंत्रातलं," आई म्हणाली आणि पुन्हा तशीच हसली.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत जाऊन लॉकर उघडला आणि प्लास्टिकचं लायसन्स घेऊन आलो. आता ते वरच्या खिशात असतं. फोटो, जन्मतारीख, पत्ता, ज्याला वाचायचंय त्याने वाचावं. सगळी वसई मला ओळखते. माझ्याकडे आता जगापासून लपवलेली एकच खासगी गोष्ट उरली आहे, आणि ती आईलाही माहीत नाही. लाडू अकरा नव्हते, बारा होते. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

(अरे देवा!)