गरम पाण्याची स्टेपनी

गोंडपिपरीच्या शाळेतल्या कुसुमबाई नसत्या, तर घरातला पहिला पदवीधर मी झालो नसतो आणि बॉयलर विकायची ही नोकरीही मला लागली नसती. मग मोहर्लीच्या त्या रिसॉर्टवाल्याशी माझी गाठही पडली नसती.

त्याच्याकडे पाहुण्यांच्या आंघोळीसाठी डिझेलचा जुना बॉयलर आहे. त्याऐवजी लाकडी भुशाच्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणारा घ्या, असं मी वर्षभर सांगतोय. तो मूठभर पेलेट तळहातावर खेळवतो, हुंगतो. "हे तं ढोराचं खाद्य दिसते, भाऊ. पाणी तापन ना?" तापेल म्हटलं की मान डोलावतो, चहा मागवतो आणि चहा संपला की पुन्हा तेच विचारतो.

शेवटी आमचा एक बॉयलर मी त्याच्याकडे चाचणीसाठी फुकट बसवला. ही ऑर्डर गेली तर माझी नोकरी जाईल, हेही त्याला सांगितलं. सकाळी सफारीआधी सगळ्या खोल्यांत कढत पाणी आलं. मी खुशीत मागच्या बाजूला गेलो, तर शेजारी डिझेलचा बॉयलरही धडधडत होता.

"हा काऊन चालू ठेवला, भाऊ?"

"तुमी गाडीत स्टेपनी नाई ठेवत का?"

"मग पाणी कोणत्या बॉयलरनं तापलं?"

"तेच तं मी इचारून राह्यलो. तुमच्यानं तापन ना?"

घरी येऊन मी कुसुमबाईंना पत्र लिहिलं: "बाई, अपूर्णांकांचं एकच गणित मी रोज विचारायचो आणि तुम्ही रोज नव्यानं समजावायच्या. तेव्हा राग कुठं ठेवायच्या, तेवढं कळवा. उद्या मला परत मोहर्लीला जायचं आहे."